येळवशीची हजेरी

गेल्या महिन्यात एका अध्यापक विद्यालयातून मला पत्र आलं. 'आपण इतकी वर्षं मुख्याध्यापक होता, तरी यशस्वी मुख्याध्यापकाचे दहा गुण लिहून पाठवावेत.' दहाच कामून, नऊ कामून न्हाईत, ते काही त्यात लिहिलेलं नव्हतं. मी चष्मा पुसला, कागद घेतला, वर 'एक' असा आकडा घातला आणि त्या आकड्याकडं बघत बसलो. सून चहा ठेवून गेली, तो गार झाला. शेवटी माझं मलाच डोकं फिरल्यासारखं झालं. अख्खी हयात शाळेत काढली आणि एक गुण सुचेना, म्हणजे काय!

सुचत नव्हतं असं नाही. पण जो गुण लिहायला जावं त्याच्या आड एकच माणूस येऊन उभा राहायचा. 'शिस्त' लिहावं, तर तो माणूस दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यातल्या खुर्चीत खुशाल घोरायचा. 'विषयावर प्रभुत्व' लिहावं, तर भूमितीचा सिद्धांत फळ्यावर मांडताना तो चुकायचा, पोरं दुरुस्त करायची आणि तो 'शाबास' म्हणून पुढं जायचा. 'वक्तृत्व' तर सोडूनच द्या. आणि तरी मी पाहिलेल्या सगळ्या हेडमास्तरांत तोच एक खरा होता असं मला वाटतं. कधी वाटतं, छे, तसं काही नव्हतं, आपणच भाबडे. तेव्हा जो गोंधळ डोक्यात शिरला तो अजून तिथंच आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं तालुक्याचं गाव बिदरच्या अंगाला, दुबलगुंडीच्या वाटेवर. शाळा उर्दूत चालायची. हेडमास्तराला सदर मुदर्रिस म्हणायचे, आम्ही नुसतं सदरसाहेब. मी मूळचा आळंदाकडल्या निंबर्ग्याचा. शाळेत मराठी शिकवायचो आणि तेही हंगामी, म्हणजे आज आहे, उद्याचं माहीत नाही. वय तिशीच्या आत, नाकावर राग. कुणी 'मास्तर' जरा हलक्यानं म्हटलं तरी मला झोंबायचं.

सदरसाहेब आले ते हैदराबादेहून बदलून. बारीक अंगाचा माणूस, शेरवानी खांद्यावर लोंबायची. तिच्या उजव्या खिशात फुटाणे आणि डाव्या खिशात एक छोटी वही. शाळेमागच्या खोलीत एकटेच राहायचे. आल्या आल्या त्यांनी एकच ध्यास घेतला, दहावीचा वर्ग उघडायचा. आमची शाळा नववीपाशी संपायची. दहावी म्हणजे मॅट्रिकचं वर्ष, त्यासाठी बिदरला नाहीतर गुलबर्ग्याला जावं लागायचं. शेतकऱ्याचा मुलगा एवढ्या लांब कोण पाठवतोय? बाप म्हणायचा, "नववी झाली न्हवं? लई झालं. चल आता, रानात पाळी घालायची हाय." दरवर्षी चांगली चांगली पोरं तशी औतामागं जायची. मला त्याचं वाईट वाटायचं, पण आपण काय करणार म्हणून मी गप्प बसायचो. सदरसाहेब गप्प बसले नाहीत. त्यांनी अर्जावर अर्ज केले.

पण माणूस विचित्र, सांगतो ना. एके दिवशी मला म्हणाले, "मास्टरसाब, आज फारसी की जमात में बैठिए." मला वाटलं, फारसीचे मौलवीसाहेब आजारी असतील, वर्ग सांभाळायचा असेल. गेलो तर मौलवीसाहेब चांगले धडधाकट शिकवत उभे! मला बसायचं होतं ते पोरांच्या बाकावर, पोरांच्या मधोमध, त्यांच्यासारखं. तासभर बसलो. गुडघे बाकात मावत नव्हते. पोरं तोंडावर हात ठेवून हसायलीत. दुसऱ्या आठवड्यात मौलवीसाहेब माझ्या मराठीच्या वर्गात येऊन बसले. त्यांचीही तीच गत. आम्ही दोघं एरवी एकमेकांशी धड बोलत नव्हतो, पण त्या दिवशी एकत्र बसून सदरसाहेबांना मनसोक्त शिव्या दिल्या. ह्यातून त्यांना काय साधायचं होतं, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते उलट आपल्यालाच विचारायचे, "आपको क्या लगता?"

आणि ती वही! मधल्या सुट्टीत पोरांना एकेकटं बोलवायचे, मुठीत फुटाणे द्यायचे, काहीबाही विचारायचे आणि वहीत टिपून घ्यायचे. मौलवीसाहेबांची पक्की खात्री होती की आमच्याविरुद्ध वर कळवण्यासाठी हे चाललंय. "जासूसी है, जासूसी," ते मला कानात सांगायचे. मलाही तसंच वाटायचं. पोरांना दटावून विचारलं तर ती म्हणायची, "काही न्हाई सर, घरचं इचारतेत." घरचं विचारून ह्याला काय करायचंय?

तर अर्जांना शेवटी जबाब आला. शाळा तपासणारे बडे साहेब स्वतः येणार. नववीच्या पटावर एकतीस मुलं आहेत, त्यांतली निदान पंचवीस साहेबांनी स्वतः समोर मोजलेली पाहिजेत, कारण काही शाळांनी म्हणे पटावर खोटी नावं घातली होती. पंचवीस भरली तर दहावी. नाही भरली तर तीन वर्षं अर्ज करायचा नाही. तारीख सदरसाहेबांनी सुचवायची होती, ती एकदा ठरली की साहेबांच्या दौऱ्यात पक्की.

त्यांनी मला बोलावलं ते नेमकं बाकावर बसवलं त्याच दिवशी. मी आतून धुमसत होतो. त्यांच्यासमोर सरकारी कॅलेंडर होतं. तेव्हा सरकारी कागद फसली सालावर चालायचे, त्याचे महिने आझर, दै, बहमन, इस्फंदार असे. गावातली माणसं मात्र तिथीवर चालायची. दोन्हींचा मेळ घालायचा म्हणजे मराठीच्या मास्तराचं काम. सदरसाहेबांनी इस्फंदारच्या सुरुवातीच्या एका तारखेवर बोट ठेवलं.

"मास्टरसाब, इस दिन आप लोगों का कोई त्योहार तो नहीं?"

त्या दिवसांत आमच्याकडं मोठा सण एकच, येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी ह्या सगळ्या पट्ट्यात गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजायचे, आंबील शिंपत पिकाला फेरी घालायची आणि दिवसभर तिथंच जेवायचं. हिंदू, मुसलमान, लिंगायत, ज्याला शेत आहे तो आणि नाही तोही. कुणाच्या बांधावरून जाणारा परका माणूससुद्धा न जेवता पुढं जाऊ शकत नाही, ओढून बसवतात. पण सरकारी सुट्ट्यांच्या यादीत येळवस नव्हती, कारण हैदराबादेतल्या माणसाला ती माहीतच नव्हती.

मी उभ्या उभ्या बोटं मोजली. गेल्या वर्षी येळवस बहमन अर्धा झाला तेव्हा होती. यंदा दहा-अकरा दिवस अलीकडं येणार. म्हणजे इस्फंदार लागायच्या आत केव्हाच होऊन जाईल. "नहीं साब, कुछ नहीं," मी फाडकन सांगितलं आणि निघालो. पंचांग घरी होतं. बघून सांगतो, एवढं म्हणायला काय झालं होतं? पण बाकावर बसवलेल्या माणसाला आता 'बघून सांगतो' म्हणून आणखी खाली व्हायचं नव्हतं. तारीख गेली, पक्की झाली.

येळवशीच्या चार दिवस आधी बायको म्हणाली, "आवो, येळवस आली की. निंबर्ग्याला ह्या बारीला बी जायचं न्हाई का? निदान भज्जीसाठी पालेभाजी तरी आणा."

मी म्हटलं, "येळवस होऊन गेली न्हवं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मला ताप आलाय. "झाली कशी? मधी धोंड्याचा महिना न्हाई का झाला? माझ्या आप्पानं तुमाला बलवून धोंडे खाऊ घातले, नवं धोतर दिलं, ते बी इसरलाव?"

तोंडचं पाणी पळालं माझ्या. धोंड्याचा महिना! अधिक महिना आला की पुढचे सगळे सण महिनाभर लांबतात, हे शेंबड्या पोराला कळतं. आणि त्या महिन्यात जावई म्हणून सासुरवाडीत ताट पुढं ओढून जेवलेला मी, मराठीचा मास्तर, नेमका तोच महिना मोजायचा विसरलो होतो. अंगावर ते धोतर होतं तेव्हा!

आता खरं सांगायचं तर चूक इथपर्यंत माफ होती. त्याच्या पुढं मी जे केलं त्याला माफी नाही. मी सदरसाहेबांकडं सांगायला गेलो. ते वहीत काहीतरी लिहीत होते. वर बघून म्हणाले, "बोलिए." आणि माझ्या तोंडातून निघालं, "साब, खडू संपले." त्यांनी उठून मला खडूचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून पुन्हा गेलो. पुन्हा म्हणालो, "साब, खडू." त्यांनी पुन्हा डबा दिला. मी दोन डबे घेऊन वर्गात आलो आणि कपाटात ठेवले, तिथं आधीचे दोन भरलेले होतेच. नोकरी हंगामी होती, चूक कळली तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवतील, ही भीती होती. पण खरं कारण भीती नव्हती, ताठा होता. मग मी माझ्या परीनं उपाय केला. नववीच्या वर्गात जाऊन दरडावलं, "त्या दिवशी सगळ्यांनी शाळेत यायचं. येळवस असली तरी. समजलं?" पोरं म्हणाली, "व्हय सर." त्या 'व्हय'मध्ये काही दम नाही हे मला ऐकतानाच कळलं होतं.

तो दिवस उजाडला. सकाळी बड्या साहेबांची मोटार आली. उंच माणूस, कडक इस्त्री, चेहऱ्यावर माशी बसू देणार नाही असा. नववीच्या वर्गात गेलो आम्ही सगळे. बाकांवर चार पोरं. एक तहसिलातल्या कारकुनाचा, एक पोस्टमास्तरांचा, दोन भाऊ दवाखान्यातल्या कंपाउंडरचे. चौघंही बाहेरगावचे.

माझी तर पाचावर धारण बसली. बड्या साहेबांनी घड्याळ काढलं. सदरसाहेब माझ्याकडं वळले.

"आज क्या है, मास्टरसाब?"

"येळवस, साब."

"वो क्या होती?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. ते चिडतील, ओरडतील, निदान 'आपने तो बोला था' एवढं तरी म्हणतील, ह्याची मी वाट बघत होतो. काही नाही. त्यांनी बड्या साहेबांना बाजूला नेलं आणि भरभर काहीतरी बोलले. बडे साहेब भडकले, हात झाडले, मोटारीकडं निघाले. सदरसाहेब त्यांच्या मागं मागं, बोलतच. काय सांगितलं देव जाणे. पण पाच मिनिटांनी बडे साहेब मागं वळले, आणि सदरसाहेबांनी हजेरीचं पुस्तक काखेत मारून मला म्हटलं, "चलिए. किसका खेत किधर है, आपको मालूम?"

मला एकाचंही शेत माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या पोरांना शिकवत होतो.

तेव्हा त्यांनी डाव्या खिशातून ती वही काढली. एकतीस पानं. दर पानावर एकेका पोराचं नाव, बाप काय करतो, शेत कुठल्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, घरून शाळेला यायला किती वेळ, घरात आजारी कोण, दिवा आहे की नाही. ही ती जासूसी! मी मौलवीसाहेबांकडं बघितलं, ते पायाकडं बघत होते.

दुबलगुंडीच्या वाटेनं निघालो. मोटार ओढ्यापर्यंत गेली, पुढं पायीच. पहिल्याच शेतात एक म्हातारा बांधावर आडवा आला. "बर्री सायेब, बर्री! या, बसा. न जेवता जायाचं न्हाई."

"हम सरकारी काम पर हैं," बडे साहेब म्हणाले.

"व्हय, काम व्हतंय की. आदी दोन घास."

सदरसाहेबांनी पुस्तक उघडून नाव पुकारलं. खोपीमागून आमच्या वर्गातला पोरगा धावत आला, हातात बाजरीचा उंडा, म्हणजे उकडलेला गोळा, तोंड भरलेलं. गडबडीनं गिळायला गेला आणि ठसका लागला. बडे साहेब त्याचा ठसका थांबेपर्यंत थांबले. मग तो ताठ उभा राहून म्हणाला, "हाजिर, जनाब!" त्यांनी त्याला रियासतीतल्या नद्या विचारल्या. त्यानं सगळ्या सांगितल्या, वर आपल्या ओढ्याचंही नाव घातलं. बड्या साहेबांनी त्याच्या नावापुढं खूण केली, पण जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या शेतात उभ्या उभ्या वाटीभर आंबील प्याले. तिसऱ्या शेतात बसले. पाचव्यात स्वतःहून पालेभाज्यांची भज्जी मागून घेतली आणि ह्यात काय काय घालतात ते विचारलं. त्यांच्या शेरवानीची वरची दोन बटणं कधी सुटली होती कुणास ठाऊक. मी मात्र घास तोंडात घालायचो आणि तो तसाच राहायचा. प्रत्येक शेतात मी मनात मोजत होतो. अकरा, बारा. शेत मोठं असलं, दोन-तीन भाऊबंदांची पोरं एकत्र असली की जीवात जीव यायचा. सतरा. वीस.

सूर्य कलला तेव्हा शाळेतली चार धरून चोवीस झाली होती. राहिलेल्यांतली पाच पोरं पलीकडच्या गावांना आपापल्या आजोळी गेलेली, एक देवी येऊन गेली म्हणून अंथरुणात. राहता राहिला शिंप्याचा मुलगा. वहीत त्याच्या पानावर शेताच्या जागी लिहिलं होतं, 'नहीं.' बडे साहेब घड्याळ बघायला लागले. सदरसाहेब पहिल्यांदाच गडबडलेले दिसले. पानं उलटी-सुलटी करायलेत, पुन्हा तेच पान. "ये किधर मिलेगा?" ते स्वतःशीच म्हणाले.

आणि हे मला माहीत होतं! शेत नसलेला माणूस येळवशीला कुठं जातो, हे निंबर्ग्यात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. ज्याच्या घरची कामं करतो त्याच्या शेतात जातो. शिंपी कुणाचे कपडे शिवतो? पाटलाचे. मी धोतर वर खोचलं आणि पाटलाच्या मळ्याकडं धूम ठोकली. पोरगं तिथं चिंचेखाली गाढ झोपलं होतं. त्याला तसंच दंडाला धरून उठवलं, ओढत आणलं. डोळे चोळत म्हणालं, "हाजिर, जनाब." पंचवीस! मला रडूच आलं. सदरसाहेबांनी खिशातून फुटाणे काढून मला दिले, जसे पोरांना द्यायचे तसे. एरवी मला राग आला असता.

महिन्याभरानं वरून कागद आला. पंचवीस मुलं मोजली हे मान्य. पण कामाच्या दिवशी शाळा रिकामी होती, ही तारीख कुणाच्या सांगण्यावरून ठरली त्याचा खुलासा करावा, मगच दहावीचा हुकूम निघेल. मी मूग गिळून बसलो. दोन दिवस सदरसाहेब बोलावतील म्हणून जीव टांगणीला. बोलावलं नाही. त्यांनी खुलासा पाठवला तो कुणाला दाखवलाही नाही. मग एकाच टपालानं दोन हुकूम आले. दहावी मंजूर. आणि सदरसाहेबांची बदली, गोदावरीपलीकडं तेलंगणातल्या कुठल्याशा तालुक्याला, ताबडतोब. तारीख आपण स्वतः ठरवली, कुणाला विचारलं नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं, हे शाळेच्या कारकुनाकडून कळलं.

सर्विस मोटार सुटायची तिथं अख्खी नववी जमली होती. एक ट्रंक, एक वळकटी, एवढंच सामान. पोरांचं झाल्यावर मी पुढं झालो. इतके दिवस छातीवर धोंडा होता, म्हटलं आज तरी सांगू. आणि सांगताना उर्दू आठवेना. मराठीतच म्हणालो, "साब, येळवशीची चूक माझी होती."

"हौ, मालूम है."

"कसं?"

"आपकी अलमारी में खडू के डिब्बे भरे पडे थे, मास्टरसाब. फिर भी आप दो दफा खडू मांगने आए."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग माझं नाव कामून न्हाई कळवलं? मला वाचवलं तुम्ही."

ते माझ्याकडं अगदी नवलानं बघायला लागले. "आपको? नक्को, नक्को, वैसा कुछ नहीं. दसवीं खुलनी थी ना. आपका नाम लिखता तो तहकीकात बैठती. दो साल फाइल घूमती. तब तक ये बच्चे किधर जाते?" एवढं बोलून ते मोटारीत चढले. मोटार हलली तेव्हा खिडकीतून मला म्हणाले, "हाजिरी अच्छी रखिए."

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते! तीन दिवस मी रागानं जेवलो नाही. ज्या उपकाराखाली मी इतका वाकलो होतो, तो उपकार केलेलाच नव्हता. मग चौथ्या दिवशी वाटलं, मला ओझं वाटू नये म्हणून तर तसं बोलला नसेल हा माणूस? पाचव्या दिवशी पुन्हा वाटलं, छे, तो तसा गोड बोलणारा नव्हता, जे होतं तेच बोलला असेल. आजही काही दिवस असं वाटतं, काही दिवस तसं. बायको असेपर्यंत तिला विचारायचो. ती म्हणायची, "खुळे हाव का? दोनी खरं आसंल." मला ते कधी पटलं नाही आणि दुसरं काही सुचलंही नाही.

दहावी उघडली. जास्तीचा मास्तर लागला म्हणून मी कायम झालो. पहिल्या दिवशी दहावीची हजेरी मीच घेतली. नवे सदरसाहेब आले, त्यांनी सणांच्या तारखा विचारल्या, मी म्हणालो, "पंचांग बघून सांगतो." हळूच एक छोटी वही घेतली. पोरांना मधल्या सुट्टीत बोलवायला लागलो. पुढं मी स्वतः हेडमास्तर झालो तेव्हाही ती सवय ठेवली, आणि मास्तरांना एकमेकांच्या वर्गात बाकावरही बसवलं. कशासाठी, असं ते विचारायचे. मला सांगता यायचं नाही. माझा आवाज मात्र जुन्या सदरसाहेबांसारखा मऊ कधी झाला नाही. कुणी चुकलं की मी सगळ्यांदेखत झाडायचो आणि घरी आल्यावर खडूचे डबे आठवायचे.

अठ्ठेचाळीस सालच्या गडबडीनंतर, राज्य बदललं, माणसं इकडची तिकडं झाली, तेव्हा एकदा ठरवलं की त्यांना पत्र लिहून विचारायचंच, साब, खरं काय ते सांगा. तेलंगणातल्या त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. 'इथे नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. मग त्यांच्या घरच्या पत्त्यावर लिहावं म्हणून बसलो. लेखणी हातात, पाकीट समोर.

एकतीस पोरांची शेतं मला तोवर पाठ झाली होती. कुणाचं ओढ्याअलीकडं, कुणाचं पलीकडं, कुणाचं नाहीच. पण साहेब हैदराबादेत कुठल्या मोहल्ल्यातले, तिथं त्यांचं कोण होतं, त्यांच्या सणाला ते एकटे त्या खोलीत काय करायचे, कोण त्यांना बोलवायचं, हे आमच्यापैकी कुणी, कधी, एकदाही विचारलं नव्हतं. ते पाकीट अजून माझ्या ट्रंकेत आहे, वर पत्ता नाही.